रकाना

एकतीस वर्षं मी शिवाजीनगरात
समुद्र उतरवून घेतला.
सिमला ऑफिस, मागची इमारत, दुसरा मजला,
खिडकीशी सप्तपर्णी, खाली पीएमटीचा थांबा.
बोटींच्या हवामान-वह्या पोत्यांतून यायच्या.
वाटायचं, मिठाचा वास असेल.
यायचा तो खळीचा, नाहीतर कुणाच्यातरी चहाचा.
अक्षांश, रेखांश, वाऱ्याची दिशा, लाटेची उंची,
एका चौकटीत एक आकडा.
आणि मी, सुनंदिनी खैरमोडे,
समुद्र न पाहिलेली.
अलिबाग धरू नका.

मोठ्या जहाजांच्या वह्या छापल्यासारख्या.
जुन्या, लहान बोटींच्या मात्र लांबून ओळखू यायच्या:
कुणाचा सात कमरेत पट्टा बांधलेला,
कुणाचा आकडा वादळात चौकटीबाहेर सांडलेला.
एकानं शेऱ्यात लिहिलं होतं,
किनारा तीनशे मैल, डोलकाठीवर सकाळपासून एक घार.
घारीला रकाना नव्हता.
मी ते पान दोनदा वाचलं, आणि पुढचं घेतलं.

निवृत्तीचे पैसे आले. भाचा म्हणाला, फ्लॅट.
मी कॅम्पात गेले.
रोहिंतन तवाडियानं चकचकीत पुस्तिका पुढ्यात टाकल्या:
सोळा मजले, घसरगुंड्या, बर्फाचं मैदान.
म्हटलं, एवढं मगरपट्ट्यातही मिळेल.
मला जुनी दाखवा. लहान. आणि पल्ला लांबचा.
तो चष्म्यावरून बघत राहिला,
मग खालच्या खणातून एकच कागद काढला:
थेओडोरा, बांधणी छप्पन्न साली,
माणसं दोनशे दहा, दिवस एकोणपन्नास.
"बाई, लिफ्ट मधेच थांबते हां."
म्हटलं, आमच्या सोसायटीतलीही.

थेओडोराचे स्क्रू दिसायचे नाहीत,
इतके हात रंगाचे बसलेले.
जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या,
दुसऱ्यांच्या पावलांत आपलं पाऊल बसायचं.
केबिनच्या नळात रात्री कुणीतरी खाकरायचं.
खिडकी गोल, समुद्र उशीच्या उंचीवर;
कूस बदलली की तोच.
इंजिन कानांना नाही, टाचांना ऐकू यायचं.
तिसऱ्या आठवड्यात एका बंदरात ते बंद केलं
तर मला झोप लागेना.
बंदर तरी कसलं,
एक धक्का, दोन शेळ्या, पोस्ट बंद.
मोठ्या जहाजाला तिथं वळायलाही जागा नाही.

पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागं घ्यायचे:
पंचवीस तासांचे दिवस.
त्या जादा तासात मी काहीच केलं नाही.
हे पुण्यात कुणाला सांगता येत नाही.

एके पहाटे वरच्या डेकवर
एक पोरगेला अधिकारी
दोरीनं कॅनव्हासची बादली खाली सोडत होता.
मी ओळखली.
कधी न पाहिलेली वस्तू,
तिच्या तोंडचं मात्र सगळं पाठ.
म्हटलं, लवकर वाच बाळा, वाऱ्यात बादली गार पडते.
तो चपापला. मग हसला.
आता यंत्रच पाठवतं सगळं, वरून, आपोआप;
ही आमच्या कप्तानाची जुनी खोड.
दोरी त्यानं माझ्या हातात दिली.
पाणी वर आलं. साडेसव्वीस.
थर्मामीटर काढल्यावर
मी मनगटापर्यंत हात बुडवला,
आणि बराच वेळ काढला नाही.

आता सहकारनगरात साडेपाचला जाग येते.
जगभरच्या बोटींची ती निरीक्षणाची वेळ.
गच्चीवर जाते.
आभाळाचे आठ भाग, तीन झाकलेले.
वारा नैर्ऋत्येचा,
दारावरच्या दुधाच्या पिशव्या हलतील एवढा.
टाकीचं झाकण उचलून थर्मामीटर सोडते
(सेक्रेटरी जोगळेकरांना बोलू नका).
बावीस पूर्णांक एक.
टाचांना काही ऐकू येत नाही.

तळजाईच्या बाजूनं येऊन
एक घार पाइपावर बसली.
लिहून ठेवली.